आधी नाणं ठरवा, मग यंत्र: सेल्फ-सर्व्हिस वॉशिंग सेंटरसाठी कॉइन अ‍ॅक्सेप्टर निवडताना

कराडच्या बाजूला हायवेलगत दोन बेचं, म्हणजे गाडी धुवायच्या दोन जागांचं, एक वॉशिंग सेंटर मी उभं करून दिलं होतं. नाणं टाका, गन उचला, गाडी धुवा, एवढा साधा मामला. मालकाची इच्छा होती की एक, दोन, पाच, दहा सगळी नाणी चालली पाहिजेत, कारण "गिऱ्हाईकाच्या खिशात काय असेल ते असेल." मीही तसंच नाणी ओळखून घेणारं यंत्र, म्हणजे कॉइन अ‍ॅक्सेप्टर, बसवलं. महिनाभराने गल्ला उघडला तर मीटरवर दिसणारी रक्कम आणि पेटीतली रक्कम जुळेना. पेटीत जुन्या मोठ्या रुपयाच्या नाण्यांचा ढीग होता आणि यंत्राने त्यातलं प्रत्येक नाणं दोन रुपये म्हणून मोजलं होतं. शेजारच्या गॅरेजमधल्या पोरांना हे आमच्याआधी कळलं होतं.

यंत्र बिघडलं नव्हतं. त्याच्या परीने ते बरोबरच होतं. चूक माझी होती, कारण मी यंत्र आधी निवडलं आणि नाण्यांचा विचार नंतर केला. या धंद्यात नव्याने उतरणाऱ्याने उलट्या क्रमाने जावं, म्हणून हा लेख.

पायरी १: नाणं हवंच आहे का, हे ठरवा

हा प्रश्न टाळून पुढे जाऊ नका. आज टपरीवरसुद्धा यूपीआय चालतं. पेमेंट आलं की कंट्रोल बोर्डाला (वेळ मोजून पंप चालू-बंद करणाऱ्या सर्किटला) सिग्नल देणारे क्यूआरचे डबेही मिळतात. मग नाणी कशाला? माझ्या अनुभवात तीन कारणं खरी ठरतात. हात ओले, फेसाने भरलेले असताना फोन काढायला लोक कंटाळतात. वेळ संपत आली की आणखी अर्धा मिनिट हवा असतो, तेव्हा नाणं पटकन पडतं. आणि रात्री नेटवर्क गेलं की क्यूआरचा डबा मुका होतो.

तुमच्या जागेवर दिवसभर माणूस बसणार असेल, तर नाण्याऐवजी टोकनचा, म्हणजे सेंटरने स्वतः पाडून घेतलेल्या बिल्ल्याचा, विचार जरूर करा. त्यावर पुढे बोलतो. पण रात्री माणूस नसणार असेल, तर नाणं आणि यूपीआय दोन्ही ठेवा. फक्त नाण्यांवर चालणारं सेंटर आज उभं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी २: कोणतं नाणं?

अमेरिकेत असली सेंटरं वर्षानुवर्षं सुरळीत चालतात, त्यामागे तिथलं पंचवीस सेंटचं नाणं आहे. २४.२६ मिमी व्यास, ५.६७ ग्रॅम वजन. १९६५ पासून चित्रं बदलली, पण माप, वजन आणि धातू तेच राहिले. यंत्राला चित्राशी देणंघेणं नसतं. यंत्र फक्त व्यास, जाडी आणि धातू ओळखतं.

आपल्याकडची गोष्ट वेगळी. खिशातली चिल्लर टेबलावर ओता आणि बघा. रुपयाची तीन मापं सापडतील. २५ मिमीचा, ४.८५ ग्रॅमचा जुना मोठा रुपया, ज्यात अंगठा दाखवणारा हातही येतो. मग २०११ च्या मालिकेतला साधारण २२ मिमीचा, ३.७९ ग्रॅमचा. आणि २०१९ च्या मालिकेतला २० मिमीचा, ३.०९ ग्रॅमचा चिमुकला. आता दोन रुपये घ्या. २०११ च्या मालिकेतला दोनचा शिक्का २५ मिमी आणि ४.८५ ग्रॅमचा आहे. म्हणजे जुन्या रुपयाइतकाच, आणि धातूही तेच पोलाद. आमच्या सेंटरला फटका बसला तो इथेच. डोळ्यांना वेगळी दिसणारी ही दोन नाणी यंत्राला जुळी भावंडं वाटतात. असाच घोळ २०११ च्या रुपयात आणि त्याआधीच्या हाताच्या मुद्रेच्या पन्नास पैशांत आहे. पन्नास पैसे कोणी वापरत नाही हे खरं, पण ते अजून चलनात आहेत. पेटीत पडले तर रुपया म्हणूनच पडतील.

पाच रुपयांत तर जत्राच आहे. जुनं जाडजूड ९ ग्रॅमचं, नंतर ६ ग्रॅमचं पोलादी, मग ६ ग्रॅमचं पिवळं, ही तिन्ही २३ मिमीची. आणि २०१९ चं २५ मिमीचं, ६.७४ ग्रॅमचं. एका पाचासाठी यंत्राला चार नाणी शिकवावी लागतात. आणि जितकी जास्त नाणी शिकवाल, तितकी चुकीची वस्तू आत शिरायची फट रुंद होते.

राहिले दहा आणि वीस. दहाच्या नाण्यांवर चित्रं भरपूर आहेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगितलं होतं की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने आहेत आणि सगळे चालतात. पण माप जवळपास एकच आहे, २७ मिमी आणि ७.७१ ग्रॅम. २०१९ च्या मालिकेत वजन ७.७४ झालं, तो फरक यंत्राच्या दृष्टीने किरकोळ. वीसचं नाणंही २७ मिमीचंच, पण बारा कोनांचं, ८.५४ ग्रॅमचं आणि धातूच्या वेगळ्या मिश्रणाचं. व्यास सारखा असल्याने एकच फट दोघांना पुरते. चांगल्या यंत्राला धातूवरून दोन्हींमधला फरक सहज कळतो.

म्हणून माझा सल्ला असा: फक्त दहा आणि वीस. बाकी सगळ्या नाण्यांना नकार. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहा, गिऱ्हाईक दोन दिवस कुरकुर करतं आणि मग सरावतं.

यात एक गंमतही आहे. दहाचं नाणं खोटं आहे, पंधरा रेघांचं चालत नाही, दहा रेघांचंच चालतं, अशा अफवा गावोगाव पसरल्या होत्या. काही भागांत दुकानदार ते घेईनासे झाले. रिझर्व्ह बँकेला त्यासाठी १४४४० हा फोन नंबर सुरू करावा लागला. अशा भागात तुमचं यंत्र लोकांना वरदान वाटतं, कारण डब्यात साठलेली दहाची नाणी इथे खपतात. फक्त त्याच गावात तुम्ही सुटे म्हणून दहाचं नाणं हातावर ठेवलंत, तर लोक तोंड वाकडं करतात. क्रमांक पाटीवर लिहून ठेवा, वाद मिटतो.

टोकन घ्यायचं ठरवलंत, तर त्याचं माप कोणत्याही चालू नाण्याशी जुळू देऊ नका, आणि हार्डवेअरच्या दुकानातल्या वायसरशीही नाही. एम-१० बोल्टचा साधा वायसर २० मिमीचा असतो, म्हणजे थेट आत्ताच्या रुपयाएवढा. एम-१२ चा २४, एम-१४ चा २८. म्हणून टोकनही या मापांचं नको. आणि त्यावर 'रुपये' किंवा आकडा छापू नका, फक्त सेंटरचं नाव छापा. टोकन गिऱ्हाईकाच्या खिशात घरी जातात, दर थोड्या महिन्यांनी नवी पाडून घ्यावी लागतात, हा खर्च हिशेबात धरा.

पायरी ३: यंत्राची जात ओळखा

बाजारात तीन जाती मिळतात.

पहिली निव्वळ यांत्रिक. नाण्याच्या मापाची फट, वजनाचा काटा, एखादं चुंबक. वीज लागत नाही. वायसर घालून कोणीही फसवू शकतं. नवीन सेंटरसाठी ही सोडून द्या.

दुसरी तुलना करणारी. यात तुम्ही नमुन्याचं एक खरं नाणं दोन कॉइलच्या मधल्या खाचेत अडकवून ठेवता. आत पडणारं नाणं शेजारच्या कॉइलमधून जातं आणि यंत्र दोघांची तुलना करतं. आपले आजोबा फरशीवर आपटून रुपयाचा आवाज ऐकायचे, खणखणीत आहे की बद्द ते बघायचे. इथे आवाजाऐवजी चुंबकीय क्षेत्रातला बदल ऐकला जातो, एवढाच फरक. स्वस्त, सोपं आणि एकाच नाण्यासाठी किंवा टोकनसाठी उत्तम. यातला नमुना खाचेतून थोडा जरी सरकला, तरी यंत्र सगळ्यांना नाही म्हणू लागतं. निम्म्या तक्रारी याच कारणाने येतात.

तिसरी शिकवता येणारी. यात चार-सहा प्रकारची नाणी साठवता येतात. चिनी बनावटीची लहान यंत्रं दोन-तीन हजारांत मिळतात. युरोपात बनलेली व्हेंडिंग दर्जाची यंत्रं त्याच्या कितीतरी पट महाग. महाग यंत्रात सेन्सर जास्त असतात, दोऱ्याने नाणं ओढून काढण्याविरुद्ध झडप असते, आणि पल्सऐवजी, म्हणजे विजेच्या नुसत्या छोट्या ठोक्यांऐवजी, सीसीटॉक किंवा एमडीबीसारख्या भाषेत ते कंट्रोल बोर्डाशी बोलतं. त्या भाषेत प्रत्येक नाण्याची नोंद येते, त्यामुळे हिशेब स्वच्छ राहतो. पण एक अट आहे: भारतीय नाण्यांचा डेटा त्यात भरलेला हवा. कित्येक वेळा यंत्र युरोसाठी भरून येतं आणि इथला विक्रेता म्हणतो "करून देऊ". करून झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

युरोपातसुद्धा हा खेळ चालतो, बरं का. थायलंडचं दहा बातचं नाणं आणि दोन युरोचं नाणं, दोन्ही दुहेरी धातूंची, मापाने आणि वजनाने जवळपास सारखी. बातची किंमत युरोच्या तुलनेत अगदी क्षुल्लक. तिथल्या जुन्या व्हेंडिंग यंत्रांना याने बरंच छळलं. तेव्हा नाण्यांची गल्लत म्हणजे आपल्याकडचा गलथानपणा आहे, असं मानायचं कारण नाही.

दोन बेपर्यंतच्या सेंटरला दुसरी किंवा तिसरी जात घ्या. तीन बे झाले आणि माणूस नसेल, तर महागडं यंत्र स्वतःचा खर्च वर्षात काढतं.

पायरी ४: दुकानातच परीक्षा घ्या

दुकानदार एक चकचकीत नाणं टाकून दाखवतो आणि यंत्र टिंग करतं. त्यावर जाऊ नका. घरून पिशवी घेऊन जा.

पिशवीत दहाची शंभर नाणी, वीसची पन्नास. जितकी मळकी, झिजलेली, वेगवेगळ्या सालांची, तितकं चांगलं. सालाखालचं चिन्हही बघा. मुंबईच्या टांकसाळीचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याचं काहीच नाही. चारही ठिकाणची नाणी असू द्या. त्याशिवाय नकारायच्या वस्तू: जुना रुपया, दोनचं, पाचचं, वायसर, पिटलेलं बाटलीचं झाकण, परदेशी नाणं असेल तर तेही.

शंभरपैकी पंच्याण्णव नाणी पहिल्याच फेकीत घेतली पाहिजेत आणि उरलेली दुसऱ्या फेकीत. नकारायच्या वस्तूंपैकी एकही आत जाता कामा नये. दोन्हीपैकी काय महत्त्वाचं, असं विचाराल तर पहिलं. खरं नाणं परत येणारं यंत्र गिऱ्हाईक घालवतं. चुकून गेलेला वायसर दहा रुपये घालवतो.

मग ओली नाणी टाका. ही परीक्षा मी कुणाला घेताना पाहिलेलं नाही, पण वॉशिंग सेंटरवरची निम्मी नाणी ओलीच असणार. पाण्याच्या थेंबामुळे नाणं भिंतीला चिकटतं, हळू घसरतं, आणि वेग बदलला की काही यंत्रं त्याला ओळखतच नाहीत. शॅम्पूचा हात लागलेलं नाणं त्याहून वाईट. वीसपैकी चार-पाच ओली नाणी अडकली, तर ते यंत्र पिठाच्या गिरणीत चालेल, तुमच्याकडे नाही.

शेवटी वीज काढून नाणं टाका. नाणं परत आलं पाहिजे. वीज नसताना नाणं गिळणारं यंत्र घेतलंत, तर पहिल्या लोडशेडिंगला भांडण ठरलेलं.

पायरी ५: नाणी शिकवणं

शिकवता येणाऱ्या लहान यंत्रांत सहसा चार गोष्टी भरायच्या असतात. किती प्रकारची नाणी, प्रत्येकाचे नमुने किती, प्रत्येक नाण्याला किती पल्स, आणि काटेकोरपणा किती. नमुन्यासाठी वीस वेगवेगळी नाणी घ्या. एकच नाणं वीस वेळा टाकणारे महाभाग मी पाहिलेत. मग ते यंत्र जगात फक्त तेवढंच नाणं ओळखतं.

काटेकोरपणाचा आकडा बहुतेक यंत्रांत लहान असला की परीक्षा कडक, मोठा असला की सैल. एक ते तीसच्या पट्टीवर पाच ते दहाच्या मध्ये राहा. खरी नाणी परत येऊ लागली की लोक हा आकडा वाढवत नेतात. त्याआधी नाण्याची वाट साफ आहे का ते बघा. बऱ्याचदा दोष धुळीचा असतो.

आणि यंत्र जिथे बसणार तिथेच, दुपारी शिकवा. वातानुकूलित दुकानात शिकवून आणलेलं यंत्र एप्रिलमध्ये पत्र्याच्या पॅनेलमध्ये बसलं की कॉइल तापते आणि त्याचे निकाल बदलतात.

पल्स ठरवताना एक पल्स म्हणजे दहा रुपये ठेवा. दहाच्या नाण्याला एक, वीसच्या नाण्याला दोन. काही जण एक रुपयाला एक पल्स ठेवतात, म्हणजे वीसच्या नाण्यामागे वीस पल्स. शंभर मिलिसेकंदांची पल्स आणि तेवढीच मधली फट धरली, तर ते मोजायलाच चार सेकंद लागतात. तेवढ्यात गिऱ्हाईकाने पुढचं नाणं टाकलेलं असतं आणि स्वस्त यंत्र मधल्या पल्स गिळून टाकतं. क्यूआरच्या डब्यालाही हाच हिशेब द्या, दहा रुपयांना एक पल्स. मग दोन्ही एकाच इनपुटवर आणता येतात.

पायरी ६: वायरिंग, म्हणजे खरं दुखणं

यंत्र खराब आहे अशी तक्रार आली की मी आधी पॅनेल उघडतो. पंपाची मोटर चालू-बंद होताना कॉन्टॅक्टरच्या (मोटरला वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलमधून विजेचा झटका उसळतो. तो शेजारून जाणाऱ्या बारीक सिग्नलच्या वायरीत शिरतो आणि बोर्डाला वाटतं, नाणं पडलं. एका ठिकाणी शेजारच्या बेमधली मोटर बंद झाली की या बेमध्ये फुकट चाळीस सेकंद मिळायचे. लोक रांगेत उभे राहून वाट बघत.

उपाय महागडे नाहीत. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर (झटका शोषून घेणारा छोटा भाग) लावा, डीसी रिले असेल तर उलटा डायोड. कॉइन अ‍ॅक्सेप्टरला बारा व्होल्टचा वेगळा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) द्या, सोलेनॉइड व्हॉल्व्हबरोबर (विजेवर उघडणाऱ्या पाण्याच्या झडपेबरोबर) वाटून घेऊ नका. सिग्नलची वायर शिल्डेड (वरून धातूची जाळी असलेली) घ्या, मोटरच्या वायरींपासून लांब, वेगळ्या पाइपातून न्या, आणि शिल्ड एकाच टोकाला अर्थ करा. बोर्डाच्या इनपुटवर ऑप्टोकपलर (तारा न जोडता प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारा भाग) हवाच. बारा व्होल्टचा सिग्नल पाच व्होल्टच्या बोर्डात थेट घुसवून बोर्ड जाळणारे कमी नाहीत. प्रोग्रॅम करणाऱ्याला सांगा की अ‍ॅक्सेप्टरची पल्स पन्नास मिलिसेकंदांची ठेवली असेल, तर चाळीसहून छोटा आणि सत्तरहून मोठा सिग्नल मोजायचाच नाही. झटक्यातून आलेले खोटे सिग्नल बहुतेक एवढ्यानेच गाळले जातात.

आता एक युक्ती सांगतो. शेतकरी घरातल्या वाचकाला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर माहीत असतो. एक फेज गेली की मोटर बंद करणारा. त्याचा मोकळा संपर्क, आणि पाण्याच्या टाकीतल्या फ्लोट स्विचचा संपर्क, दोन्ही अ‍ॅक्सेप्टरच्या बारा व्होल्टच्या वायरीत ओळीने घाला. फेज गेली किंवा टाकी रिकामी झाली की अ‍ॅक्सेप्टरची वीज जाते आणि नाणं आपोआप परत येतं. "पैसे घेतले, पाणी नाही" हे भांडण कायमचं बंद. बोर्डात शिल्लक वेळ लक्षात ठेवायची सोय असेल तर अजून छान, वीज आल्यावर गिऱ्हाईकाचे उरलेले सेकंद त्याला मिळतात.

गिऱ्हाईक ओल्या पायाने उभं राहून ज्या पॅनेलला हात लावतं, त्यात २३० व्होल्ट आणू नका. बटणं, डिस्प्ले, अ‍ॅक्सेप्टर, सगळं बारा किंवा चोवीस व्होल्टवर. मोटरचं पॅनेल मागच्या खोलीत. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग, यावर पैसे वाचवायचे असतील तर हा धंदा करू नका.

पायरी ७: पाणी आणि पाऊस

पॅनेलचं तोंड गनच्या दिशेला नको. गिऱ्हाईक मागे वळताना गनही वळते आणि शंभर बारचं पाणी थेट नाण्याच्या फटीत जातं. बाजूच्या भिंतीत, वर छोटी पडवी काढून पॅनेल बसवा. तोंडाची पट्टी ३०४ स्टेनलेस स्टीलची घ्या. नाणं परत येणाऱ्या वाटीला तळाशी भोक हवं, नाहीतर पावसाळ्यात तिथे तळं साचतं. पॅनेलच्या आत सिलिका जेलची पुडी टाका आणि दर महिन्याला बदला. कोकणात किंवा महाबळेश्वरच्या बाजूला असाल, तर लहान बल्बाएवढा हीटर आत लावा, बुरशी आणि गंज दोन्ही थांबतात.

यंत्र ओळंब्याने बसवा. नाणं स्वतःच्या वजनाने घसरतं, त्यामुळे पॅनेल दोन-तीन अंश जरी कललं, तरी नाणं भिंतीला घासून वेग बदलतं. पत्र्याचं पॅनेल उन्हाने वाकतं, तेही बघा.

पायरी ८: चोरांच्या वाटा

नाण्याला भोक पाडून नायलॉनचा दोरा बांधतात, पल्स मिळाली की ओढून घेतात. उलटं जाणारं नाणं अडवणारी झडप असेल तर दोरा तुटतो.

गॅसच्या शेगडीचा लायटर फटीजवळ कटकट वाजवतात. त्याच्या ठिणगीने स्वस्त यंत्रं घाबरून पल्स देतात. खरेदीच्या वेळी तुम्हीही पिशवीत लायटर न्या आणि दुकानदारासमोर वाजवा. त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

सगळ्यात चलाख प्रकार म्हणजे परतीच्या वाटेत वर कागदाचा बोळा कोंबायचा. दिवसभर ज्यांची नाणी परत येतात, ती बोळ्यावर साठतात. लोक यंत्राला शिव्या देऊन जातात, संध्याकाळी बोळा काढला की मूठभर चिल्लर. गिऱ्हाईक "नाणं खाल्लं" म्हणालं की आधी तिथे बोट घालून बघा. म्हणूनच रोजच्या फेरीत परतीची वाट तपासायची.

आणि गल्ल्याचं कुलूप अ‍ॅक्सेप्टरच्या दाराच्या कुलपापेक्षा वेगळं ठेवा. साफसफाई करणाऱ्या मुलाकडे दाराची किल्ली असावी, गल्ल्याची नसावी. यात अविश्वास नाही, उलट एखाद दिवशी हिशेब कमी आला तर त्या मुलावर आळ येत नाही.

पायरी ९: गल्ला, वजन आणि बँक

दहाची हजार नाणी म्हणजे दहा हजार रुपये आणि ७.७१ किलो वजन. वीसची हजार, वीस हजार रुपये आणि साडेआठ किलोच्या वर. पेटीचा तळ पत्र्याचा नको, प्लेटचा हवा, आणि पेटी भरली की नाणी वर चढून अ‍ॅक्सेप्टरची वाट अडवतात, म्हणून तिची उंची आधीच मोजून घ्या.

पण बँकेत सगळी नेऊ नका. गंमत अशी की सेंटरवर येणाऱ्यांच्या खिशात दहाची नाणी फारशी नसतात. ती तुम्हीच द्यावी लागतात. शे-दोनशेची नोट घेऊन सुटी नाणी देणारा माणूस किंवा शेजारची चहाची टपरी, तिथे तीन-चारशे नाण्यांचा साठा ठेवा. सकाळी टपरीवरून गिऱ्हाईकाकडे, गिऱ्हाईकाकडून यंत्रात, संध्याकाळी पेटीतून परत टपरीवर. तीच नाणी वर्षभर फिरतात. टपरीवाल्याला थोडं कमिशन दिलं की तो खूश, आणि गिऱ्हाईक चहा पितंच. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये क्यूआर कोड स्कॅन करून नाणी देणाऱ्या यंत्रांचा प्रयोग बारा शहरांत जाहीर केला होता. असं यंत्र तुमच्या शहरात असेल तर पहिला साठा तिथून घेता येईल, नाहीतर तुमच्या शाखेत विचारा.

उरलेली नाणी बँकेत भरताना शंभरशंभरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या करा. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतही शंभरच्या पिशव्यांचा उल्लेख आहे, त्याने रोखपालाचाही वेळ वाचतो. पिशवी मोजत बसण्यापेक्षा काट्यावर टाका, दहाची शंभर नाणी ७७१ ग्रॅमच्या आसपास भरतात. कायद्याने एका व्यवहारात एक हजार रुपयांपर्यंतच नाणी देता येतात, ती घेणाऱ्यावरची सक्तीची मर्यादा. बँकेने खात्यात त्याहून जास्त नाणी घ्यायला आडकाठी नाही. तरी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पेन्शनच्या गर्दीत, पोतं घेऊन जाऊ नका. रोखपालाला आपलं माणूस मानून बुधवारी-गुरुवारी दुपारी जा.

पायरी १०: सेकंद किती?

दहा रुपयांत किती वेळ द्यायचा, याचं उत्तर गावागणिक बदलतं. वीज, पाणी, शॅम्पू, भाडं यांची बेरीज करून महिन्याच्या मिनिटांनी भागा आणि शेजारच्या हाताने धुणाऱ्या सेंटरचा दर बघा. एवढं मात्र पाळा: पंप दहा रुपयांवर चालू होऊ देऊ नका, वीसपासून सुरू करा. दर चाळीस सेकंदांनी चालू-बंद होणारी मोटर लवकर जळते.

रोजचं काम

रोज सकाळी पाच मिनिटं. ओल्या फडक्याने तोंडाची पट्टी, परतीच्या वाटीतला कचरा, आणि दहाचं एक आणि वीसचं एक नाणं टाकून बघणं. आठवड्यातून एकदा अ‍ॅक्सेप्टरचं झाकण उघडून नाण्याची वाट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. तेल, डब्ल्यूडी-४०, खोबरेल, काहीही आत सोडू नका. सुरुवातीला नाणी सुळसुळ जातात, मग त्या तेलावर धूळ बसून गाळ तयार होतो. आठवड्याला मीटरचा आकडा आणि पेटीतली रक्कम वहीत शेजारी-शेजारी लिहा. फरक एक-दोन नाण्यांपलीकडे जाऊ लागला की वायरिंगपासून तपासायला सुरुवात करा.

आणि पहिल्याच दिवशी एक जादा अ‍ॅक्सेप्टर घेऊन, शिकवून, कपाटात ठेवा. बंद पडायचा तो दिवाळीच्या आदल्या दिवशीच बंद पडतो. त्या दिवशी गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत असते आणि दुकानं साडेबाराला बंद झालेली असतात.